नऊ गुणांचा गोठा

ऑरव्हल हिंझच्या नाकावर आमच्या भागातल्या चाळीस गोठ्यांची मिळकत अवलंबून होती. अडतीस वर्षं त्याने दुधाचा टँकर चालवला. एक दिवसाआड प्रत्येक गोठ्यात जायचं, टाकीचं झाकण उघडायचं, सगळ्यात आधी वास घ्यायचा. मग तापमान, मग नमुन्याची बाटली आणि मगच पाइप जोडायचा. वास बरा नसेल तर तो झाकण परत लावायचा आणि म्हणायचा, "आज नाही." एवढंच. शेतकरी कितीही तडतडला तरी दुसरा शब्द त्याच्या तोंडून निघत नसे.

मी डोरीन. क्रोनडेलच्या वाचनालयाची ही छोटी शाखा मी सव्वीस वर्षं सांभाळते आहे. ऑन्टारिओच्या या कोपऱ्यात मका, दूध आणि युकर या तीन गोष्टींवर माणसं जगतात. युकर म्हणजे आमचा पत्त्यांचा खेळ. चौघं जण, दोन-दोन भिडू, नव्वीपासून वरची चोवीस पानं, आणि हुकमाचा गुलाम सगळ्यांचा बाप. दहा गुण झाले की डाव जिंकला. मंगळवारी दुपारी चर्चच्या सभागृहात बारा टेबलं लागतात आणि ऑरव्हल, मी, त्याची बायको एल्डा, तिचा भाऊ क्लेटन असे आम्ही ठरलेले चौघं कितीतरी वर्षं खिडकीजवळ बसतो.

नऊ गुण झाले की आम्ही म्हणतो, "गोठ्यात!" म्हणजे आता एकच गुण उरला, गाय गोठ्यात आली, फक्त धार काढायची बाकी. तेव्हा एक भिडू दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून हात उलटे करतो आणि दोन अंगठे खाली सोडतो, सडांसारखे. दुसऱ्याने ते ओढून धार काढायची. सत्तरीतल्या बायकासुद्धा हे गंभीर चेहऱ्याने करतात.

ऑरव्हलच्या आयुष्यात या अंगठ्यांना एक वेगळी जागा होती, आणि ती कळायला एक्क्याऐंशी सालची गोष्ट सांगावी लागेल. त्या वसंतात क्लेटनच्या गायी कुंपण तोडून रानात शिरल्या आणि पोटभर रानलसूण खाऊन आल्या. ऑरव्हलने झाकण उघडलं आणि लगेच लावलं.

"आज नाही."

"अरे, मी तुझा मेहुणा आहे!" क्लेटन म्हणाला. "थोडासा वास आहे. टँकरमध्ये मिसळलं की कोणाला कळणार?"

"टँकरमध्ये मिसळलं की सगळ्यांचं दूध लसणीचं होईल."

क्लेटनने सगळी टाकी शेतात सोडून दिली आणि पुढची चार वर्षं ऑरव्हलशी तो एक शब्द बोलला नाही. टँकर यायचा, क्लेटन घरात निघून जायचा. नाताळच्या जेवणाला एल्डा माहेरी एकटीच जायची.

पंच्याऐंशीच्या जानेवारीत वादळ आलं. भर दुपारी ऑरव्हलचा टँकर क्लेटनच्या वाटेवर बर्फात रुतला. रस्ते बंद झाले. घरात क्लेटन, त्याची बायको आणि म्हातारी आई. पहिला दिवस कोणी कोणाशी न बोलता गेला. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर म्हातारीने पत्ते काढले आणि म्हणाली, "चौघं आहोत. तुम्ही दोघं भिडू. मला तुमची थोबाडं बघून कंटाळा आलाय."

खेळायला बसले. जेवढं खेळापुरतं बोलावं लागतं तेवढंच बोलत होते, "हुकूम", "पास", "उचल". पण पानं चांगली पडत होती. सहा, आठ, नऊ.  ऑरव्हलने मला हे कैक वेळा सांगितलंय आणि दर वेळी इथे तो थांबतो. क्लेटनने खिडकीबाहेर बघितलं, बोटं गुंतवली, हात उलटे केले आणि दोन अंगठे टेबलावर खाली सोडले.

ऑरव्हलने आधी डावा ओढला, मग उजवा.

"डावा आधी?" क्लेटन चार वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी खेळाबाहेरचं बोलला. "ही कुठली पद्धत?"

"आमच्या घरची. बाबांच्या एका गायीचे उजवीकडचे सड आंधळे होते, त्यांतून दूधच येत नसे."

म्हातारी इतकी हसली की तिची पानं खाली पडली. त्या दिवसापासून ते दोघं एकमेकांचे कायमचे भिडू.

ऑरव्हल निवृत्त झाला तेव्हा एल्डा त्याला घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "याला काहीतरी शिकव. दिवसभर माझ्या फ्रीजमधल्या डब्यांचा वास घेत बसतो." मी त्याला कॉम्प्युटरवर बसवलं. इंटरनेटवरचा तो मोठा विश्वकोश, जो कोणीही लिहू शकतो, त्याला फार आवडला. शाळा नववीत सोडलेला माणूस, पण चूक दिसली की त्याला राहवत नसे. गावांची नावं, गायींच्या जाती, नद्यांची लांबी, सगळं तो दुरुस्त करायचा. आणि २००७ च्या हिवाळ्यात त्याने स्वतःचा पहिला पूर्ण लेख लिहिला: 'गोठ्यात', युकरमधली संज्ञा. आठ ओळी. अर्थ, अंगठ्यांची रीत, कुठे खेळतात. आधार कसलाच नव्हता. तेव्हा कोणी विचारतही नसे.

अकरा वर्षं लेख शांतपणे राहिला. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये एका गुरुवारी ऑरव्हल आला, कॉम्प्युटर उघडला आणि चष्मा काढून ठेवला.

"काय झालं?" मी विचारलं.

"मला काढतायत."

लेखावर लाल पट्टी लागली होती. 'कोरडी शाई' या टोपणनावाच्या कोणीतरी लिहिलं होतं की पत्त्यांच्या एका खेळातल्या एका शब्दाला स्वतंत्र लेख कशाला? हा शब्दकोशाचा विषय आहे. त्यावर कोणी त्रयस्थ माणसाने सविस्तर लिहिलेलं, छापलेलं काही दिसत नाही. सात दिवस चर्चा, मग निर्णय. खाली दोन जणांनी आधीच 'वगळावा' लिहून टाकलं होतं. एकाने वर पुस्ती जोडली होती: "बहुधा कोणाच्या तरी आजोबांचा विनोद."

"आजोबांचा विनोद!" क्लेटन पुढच्या मंगळवारच्या डावापर्यंत थांबायला तयार नव्हता, तो वाचनालयातच आला. "याला बोलव इकडे. याचे अंगठे मी ओढतो."

"शिव्या देऊन लेख टिकत नाही," ऑरव्हल म्हणाला. "आधार लागतो. तो म्हणतोय ते चूक नाही, क्लेटन. मी काहीच आधार दिलेला नाही."

"चाळीस गावं खेळतात! हा आधार नाही?"

"चाळीस गावं खेळतात हे कोणी लिहून ठेवलंय?"

क्लेटनने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मला तरी माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दार उघडायला मी आले तेव्हा ऑरव्हल पायरीवर उभा होता, बगलेत डबा, खिशात दोन चष्मे. आमच्या साप्ताहिकाचे जुने अंक मायक्रोफिल्मच्या रिळांवर आहेत. तो यंत्रासमोर बसला आणि १९२० पासून सुरुवात केली. युकरच्या बातम्या प्रत्येक अंकात होत्या: कोणाकडे पार्टी झाली, कोणाला पहिलं बक्षीस म्हणून बदक मिळालं, कोणी केक आणला. पण 'गोठ्यात' कुठेच नाही. गोठे मात्र शेकड्यांनी, जळालेले, बांधलेले, विकलेले. शब्द दिसला की तो पुढे वाकायचा आणि बातमी आगीची निघायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने मला हाक मारली. मार्च १९३८. शाळेच्या मदतीसाठी झालेल्या युकर स्पर्धेच्या बातमीत एक ओळ होती: शेवटच्या फेरीत दोन्ही बाजू गोठ्यात होत्या आणि सौ. श्मिटनी भिडूला बाजूला बसवून एकटीने खेळून डाव काढला.

"एक ओळ," मी म्हणाले.

"ऐंशी वर्षांपूर्वीची एक ओळ," तो म्हणाला, आणि पुढचं रीळ लावलं.

त्याने ती ओळ चर्चेत टाकली. 'कोरडी शाई'चं उत्तर सभ्य होतं: शोधाबद्दल आभार, पण हा नुसता उल्लेख झाला. शब्दाबद्दल काही सांगणारं लिखाण हवं.

पाचव्या दिवशी पारडं फिरलं. कुठल्याशा तिसऱ्याच माणसाने चर्चेत एका पुस्तकाचं नाव दिलं. पत्त्यांच्या खेळांवरचं जाडजूड पुस्तक, चार वर्षांपूर्वी टोरांटोत छापलेलं, आणि त्यात 'गोठ्यात' या शब्दाला पाऊण पान. सविस्तर, छापील, लेखकाचा आमच्या गावाशी संबंध नाही. अगदी हवं तसं. तासाभरात चार जणांनी 'ठेवावा' लिहिलं. आधीच्या एकाने आपलं मत बदललं. 'कोरडी शाई'नेही लिहिलं की पुस्तक तपासून ते बरोबर निघालं तर आपण माघार घेऊ.

मी ते पुस्तक दुसऱ्या शाखेतून मागवलं. बुधवारी सकाळी आलं. क्लेटन आणि एल्डाही हजर होते. क्लेटनने डोनट आणले होते, जिंकल्यासारखे. ऑरव्हलने पान उघडलं, मोठ्याने वाचायला लागला. अर्थ, नऊ गुण, अंगठे. मग एका वाक्यावर त्याचा आवाज हळू झाला: "प्रथेप्रमाणे डावा अंगठा आधी ओढला जातो."

त्याने पुस्तक टेबलावर ठेवलं.

"पुढे वाच ना," क्लेटन म्हणाला.

"क्लेटन, डावा आधी कोण ओढतं?"

"तू."

"आणखी कोण?"

क्लेटनने हातातला डोनट खाली ठेवला. "तुझा बाप. झालं. तुमच्या घराबाहेर कोणी बघतसुद्धा नाही कुठला आधी ते."

"मी २००७ साली ते लेखात लिहिलं होतं. आपल्या घरात करतात म्हणजे सगळेच करतात, असं वाटलं तेव्हा मला." त्याने बोट त्या वाक्यावर ठेवलं. "या माणसाने माझा लेख बघून हे लिहिलंय. आता माझ्या लेखाला याचा आधार द्यायचा म्हणजे मीच माझी साक्ष देतोय."

 मग एल्डा म्हणाली, "ऑरव्हल, बाकी सगळं तर खरं आहे ना? शब्द खरा आहे. लोक खेळतात. एक अंगठा इकडचा तिकडे."

"बाकी खरं आहे हे या पुस्तकावरून कळत नाही."

"हे त्या चर्चेतल्या एकालाही कधी कळणार नाही," मी म्हणाले. वाचनालय चालवणाऱ्या बाईने असं म्हणायला नको होतं, पण पाच दिवस मी त्याला त्या यंत्रासमोर वाकलेला बघितला होता. "तुम्ही फक्त गप्प बसा. उद्या मुदत संपते."

"डोरीन, उद्या दुसरा कोणी पुस्तक लिहील, तो या पुस्तकातून घेईल. मग तिसरा. पन्नास वर्षांनी सगळा देश डावा अंगठा आधी ओढेल, आणि कारण काय, तर माझ्या बापाची आंधळ्या सडांची गाय!"

क्लेटन डोनटचा डबा बंद करत म्हणाला, "एक्क्याऐंशीत मला वाटलं होतं की तू हे माझ्यावरच्या रागाने केलंस. आता कळतंय, तू स्वतःच्या दुधालाही तेच करतोस. मूर्ख माणसा."

"म्हणजे टाकू हे चर्चेत?"

"टाक. पण मला हे सगळं नंतर पुन्हा ऐकवू नकोस."

ऑरव्हल दोन बोटांनी टाइप करतो. पाच वाक्यांचं निवेदन लिहायला त्याला दीड तास लागला. लेख मूळ मी लिहिला. डाव्या अंगठ्याची गोष्ट फक्त माझ्या घरची आहे, ती मी आधाराशिवाय घातली ही माझी चूक. पुस्तकात तीच आहे, म्हणून पुस्तक माझ्या लेखावरून घेतलेलं असणार. ते आधार म्हणून धरू नये. शब्द खरा आहे, पण ते मला आज दाखवून देता येत नाही.

गुरुवारी निर्णय लागला. स्वतंत्र लेख वगळला. युकरच्या मुख्य लेखात दोन वाक्यं घातली, त्यांना १९३८ च्या त्या बातमीचा आधार. मंगळवारी सभागृहात सगळ्यांना कळलेलंच होतं. शेजारच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं, "काय ऑरव्हल, गाय गोठ्यातून हाकलली म्हणे?" तो हसला नाही. त्याने पत्ते पिसले, वाटले, आणि पहिला हात झाल्यावर मला म्हणाला, "कोणी लिहिलेलं नाही ही अडचण आहे ना? मग कोणीतरी लिहायला हवं. मी नाही. माझं धरत नाहीत, आणि बरोबर आहे त्यांचं. पण लिहिणाऱ्याला लागेल ते मी जमवू शकतो."

"तुम्ही चौऱ्याहत्तर वर्षांचे आहात," मी म्हणाले.

"म्हणून तर घाई आहे. ज्यांना विचारायचं ते माझ्याहून मोठे आहेत."

त्याने आवाज टिपायचं छोटं यंत्र घेतलं. दोन हिवाळे तो आपल्या जुन्या टँकरच्या वाटेने फिरला. तेच गोठे, आता अर्धे रिकामे. म्हाताऱ्यांच्या स्वयंपाकघरांत बसून, केक खाऊन, कॉफी पिऊन एकच प्रश्न: हा शब्द तुम्ही पहिल्यांदा कोणाकडून ऐकलात, आणि कधी? उत्तर काय यावं ते तो सुचवत नसे. एका बाईने त्याला तीन तास तिच्या गुडघ्यांबद्दल सांगितलं आणि शब्दाबद्दल एकच वाक्य. तेही त्याने जपून ठेवलं. वृद्धाश्रमात एक्क्याण्णव वर्षांचे एक गृहस्थ होते, बोलणं गेलेलं. ऑरव्हलने प्रश्न विचारला तेव्हा त्यांनी पांघरुणावर हात ठेवले, बोटं गुंतवली आणि अंगठे खाली सोडले. ते यंत्रात कसं टिपणार? ऑरव्हलने आवाजात सांगून ठेवलं: "त्यांनी हाताने दाखवलं. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं." हा भाग टाइप करताना मला उठून बाहेर जावं लागलं.

बावन्न मुलाखती झाल्या. मी त्या उतरवून काढल्या आणि आम्ही त्या तीन विद्यापीठांना पाठवल्या. दोघांनी पोचसुद्धा दिली नाही. ऑरव्हलने पुन्हा पाठवल्या. तिसऱ्यांदा पाठवताना एल्डा म्हणाली, "पोस्टवाला आता तुला नाताळची भेट देईल."

शेवटी लोकसाहित्य शिकवणाऱ्या एका तरुण प्राध्यापिकेचं उत्तर आलं. बाईंचं नाव इलाना कुपर्मन. त्या येऊन चार दिवस राहिल्या, मुलाखती ऐकल्या, मग आपल्या हिशोबाने आणखी सत्तर जणांना भेटल्या, इथे आणि सीमेपलीकडे मिशिगन, इंडियानातही. त्यांचा निबंध दोन वर्षांनी एका अभ्यासपत्रिकेत छापून आला. त्यात ऑरव्हलच्या बऱ्याच समजुती मोडल्या होत्या. शब्द आपल्याकडे जन्मला असं त्याला वाटायचं. बाईंनी लिहिलं की ते सांगता येत नाही, बहुधा अनेक ठिकाणी आपोआप रुजला. क्लेटनला हे मुळीच आवडलं नाही.

"एवढं फिरलास, केक खाल्लेस, आणि बाई म्हणते इंडियानात पण आहे?"

"असेल तर असेल," ऑरव्हल म्हणाला.

२०२३ च्या मे महिन्यात विश्वकोशात 'गोठ्यात' हा लेख परत आला. लिहिला 'कोरडी शाई'ने. बावीस ओळी, सहा आधार, पहिला कुपर्मनबाईंचा. तिथल्या ऑरव्हलच्या नावाच्या पानावर त्या माणसाने निरोप ठेवला होता की त्या वेळी तुम्ही बोलला नसता तर मी माघार घेणार होतो आणि चुकीचा लेख राहिला असता. हा बघून घ्या, काही चूक दिसली तर सांगा. ऑरव्हलने दोनदा वाचला आणि एका स्वल्पविरामाबद्दल कळवलं. एल्डाला त्याची छापील प्रत हवी होती. मी काढून दिली. तिने ती शिवणाच्या पेटीत ठेवली.

आता तो एकोणऐंशीचा आहे आणि गुरुवारी अजून येतो. काढून टाकण्यासाठी सुचवलेले लेख वाचतो, आधार शोधतो. गेल्या महिन्यात न्यूफाउंडलंडच्या कोणा बाईचा लेख आला होता, तिकडच्या एका पत्त्यांच्या खेळातल्या शब्दावर. ऑरव्हलने दोन आठवडे शोधलं. मी चार वाचनालयांना पत्रं लिहिली. काहीच मिळालं नाही. शेवटच्या दिवशी त्याने दोन बोटांनी लिहिलं: 'वगळावा'. मग कागद मागितला आणि त्या बाईला हाताने तीन पानी पत्र लिहिलं. कोणाकडे जायचं, काय विचारायचं, काय सुचवायचं नाही, यंत्राच्या बॅटऱ्या नेहमी दोन जोड्या ठेवायच्या.

तिचं उत्तर आलं तेव्हा मीच पाकीट फोडून त्याला वाचून दाखवलं. पहिलं पान नुसता संताप होता. माझ्या लेखाविरुद्ध मत देता आणि वर मला शिकवता, तुम्ही आहात कोण? असं सगळं. ऑरव्हल मान हलवत ऐकत होता. दुसऱ्या पानाच्या तळाशी तिने बारीक अक्षरात विचारलं होतं, की तुमचं ते यंत्र कुठल्या कंपनीचं आहे, आणि माझी आत्या त्र्याण्णव वर्षांची आहे, तिच्याकडे मी आधी जाऊ का.

"सांग तिला," ऑरव्हल म्हणाला, "उद्याच जा म्हणावं."